कार्ल्टन टॅव्हर्नहून

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालणारच आहेस, घाल. गुडघा ठीक, साखर आहे तिथेच. बास.

काल लंडनमधल्या त्या कार्ल्टन पबला गेलो. हो, आपल्याच. २०१५ नंतर पहिल्यांदा. आपलं भांडण आठवतं ना? शेजारपाजारचे लोक इमारत वाचवायला धडपडत होते, तू म्हणालास, आपणही सही करू. मी म्हटलं, "दारूच्या गुत्त्यासाठी सही? देऊळ आहे का ते?" मग ईस्टरच्या सोमवारी पब चालवणाऱ्या बाईंना मालक कंपनीकडून सांगण्यात आलं की आज मालाची मोजदाद आहे, बंद ठेवा. बुधवारी, ८ एप्रिलला, बुलडोझर! वारसा-यादीत नाव लागायला एकदोन दिवस उरले होते. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. (साडेतीन पौंड उधारी तेव्हापासून बुडवलीस, तेही लक्षात आहे.)

पुढचं तुला पुण्यात कळलंच असेल. लोकांना आधीच वास आला होता, त्यांनी टाइल्सचे साचे काढून ठेवले होते. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, मालक कंपनीला हुकूम काढला, होतं तस्सं बांधून द्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये दार उघडलं. आधीचा पब पहिल्या महायुद्धातल्या बॉम्बने गेला, हा १९२१ चा दुसऱ्या महायुद्धातून वाचला, आणि गेला तो शांततेच्या काळात, भर दिवसा.

बाहेरच्या टाइल्सवर हात फिरवला. चॅरिंग्टन या जुन्या बिअर कंपनीचं नाव जिथल्या तिथे. चुकलं म्हणून दाखवायला काही सापडेना, आणि त्यानेच जास्त अस्वस्थ झालो. कारण आत गल्ल्यामागे नवी माणसं. चांगली आहेत बिचारी, त्यांचा काय दोष! पण मी काउंटरवर उभा राहून त्या बाईंनाच शोधत होतो. पब चालवणारीला लँडलेडी म्हणायचं, आणि लँड तिची नाही, भिंत तिची नाही, बिअर कुठली ठेवायची तेही बऱ्याचदा मालक कंपनी ठरवणार. पूर्वी दारावर परवानाधारकाचं नाव रंगवायचे. नवरा गेला की परवाना विधवेच्या नावावर व्हायचा, अशा बायकांनी कितीतरी पब चालवले. आता परवान्याचा गोषवारा भिंतीवर लावतात. तो चष्मा लावून वाचला. बारमन म्हणाला, "इन्स्पेक्टर आहात का?" म्हटलं, नाही, पुणेकर.

विटा परत आणायचा हुकूम निघतो रे, माणसाचा कुठे निघतो? रात्री झोप नाही. तू म्हणशील, तेव्हा सही केली असतीस तर? माझ्या एका सहीने काही अडलं नसतं, हे मलाही कळतं. तरी.

चिमीची बारावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. गच्चीचं गळणं थांबलं का?

आणि हो, तू तेव्हा बारमागे उभ्या असलेल्या बाईंचा फोटो काढला होतास, मी फिल्म वाया घालवलीस म्हणून ओरडलो होतो. तो असेल तर पाठव. साडेतीन पौंड माफ.

तुझा,
अण्णा