जुन्या गाडीचं कुजलेलं लाकूड बदलणं हा गुन्हा नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हिवाळा आला की पेपरात विंटेज रॅलीचे फोटो येतात, चकाचक क्रोम, फेटे बांधलेली मंडळी, बघायला छानच वाटतं. पण त्या गाड्या रस्त्यावर येण्याआधी गॅरेजमध्ये काय काय चालतं आणि त्या कामाकडे आपला नियम कसा बघतो यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे १९५२ ची एमजी टीडी आहे, उघडी टू-सीटर स्पोर्ट्स कार. १९७९ पासून माझ्याकडेच आहे, चालवून चालवून पार खिळखिळी झाली तेव्हा रिटायर झाल्यावर पूर्ण खोलली. इंग्लंडात ॲबिंग्डनला या मॉडेलच्या जेमतेम ३० हजार गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, आपल्याकडे फार थोड्या आल्या. १२५० सीसीचं इंजिन, ५४ हॉर्सपॉवर, म्हणजे आजची साधी हॅचबॅकसुद्धा हिला मागे टाकेल, पण पुढची काच बॉनेटवर आडवी पाडून जुन्या हायवेने निघालं की जे काही वाटतं ते कुठल्याच नव्या गाडीत वाटत नाही.

आता मुद्दा असा की या गाडीची चासी लोखंडी आहे पण बॉडीचा सांगाडा लाकडाचा आहे, ॲश नावाचं विलायती लाकूड, आणि त्यावर पत्रा ठोकलेला. बाहेरून गाडी कितीही चमकू दे, आपल्या पावसाळ्यात सत्तर वर्षं काढल्यावर आत लाकूड भुसभुशीत होणारच. पत्रा सोडवला तर दाराच्या मागच्या खांबात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. आणि या गाडीची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर असतात, पुढून उघडतात, त्यामुळे खांब ढिला होऊन दार खाली बसलं, कुलूप नीट लागलं नाही की चालत्या गाडीत वाऱ्याने दार सताड उघडू शकतं. म्हणजे हे काम हौसेचं नाही, जिवाचं आहे.

ॲश इथे मिळत नाही म्हणून आमच्या सुतारमामांनी जुन्या वाड्याचं सागवान वापरलं. सागाला तेल असतं, सरस नीट धरत नाही, म्हणून प्रत्येक सांधा आधी थिनरने पुसायचा आणि मगच जोडायचा, जुना तुकडा समोर ठेवून त्याच्यासारखाच वाक काढायचा, पत्रा लावून बघायचा, परत काढायचा, परत तासायचा. असा माणूस आज शोधून मिळत नाही.

इंजिनाचंही तसंच. या इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक आणि डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची, त्यामुळे आपले नेहमीचे पाने बसतच नाहीत. बाजारात ८ एमएमचा बोल्ट मिळतो, दिसायला तोच, पण याचे मूळ आटे बारीक, दोन आट्यांमधलं अंतर १ एमएम आणि बाजारातल्याचं सव्वा. दोन फेरे जातो, मग अडतो, आणि घाईत कुणी जोर लावला की ब्लॉकमधले आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून एकेक जुना बोल्ट डब्यात चिठ्ठी लावून ठेवावा लागतो.

आता नियम बघा. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, नव्याने नोंद करायची तर २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. हे सगळं चांगलंच आहे, मी स्वागतच करतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करून मोठा ओव्हरहॉल झालेला नसावा. मग कुजलेला खांब त्याच मापाचा नवा घातला तर तो बदल धरायचा की दुरुस्ती? तपासणीला आलेल्या माणसाच्या मनावरच सोडायचं का हे? जुन्या गाड्यांची जागतिक संघटना आहे, फिवा, तिच्या ट्युरिन चार्टरमध्ये हे छान मांडलंय, जुनं जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवा आणि जे नवं घालाल त्यावर न पुसणारी खूण करा. आमच्या मामांनी प्रत्येक नव्या लाकडावर आतल्या बाजूला पटाशीने बदलल्याचं वर्ष कोरलंय ते याचसाठी.

पेट्रोलचाही प्रश्न आहेच. २० टक्के इथेनॉल आता सगळीकडे आलंय आणि या गाड्यांचे रबरी पाइप, कार्बोरेटरमधली बुचाची सीलं त्यासाठी बनलेलीच नाहीत. पाइप बदलता येतात, आम्ही बदललेत, पण मोठ्या शहरात निदान एका पंपावर इथेनॉल नसलेलं साधं पेट्रोल परवडेल अशा भावात मिळालं तर फार बरं होईल.

परिवहन खात्याला विनंती एवढीच की कुजलेलं लाकूड, गंजलेला पत्रा, झिजलेले पिस्टन त्याच मापात बदलणं ही दुरुस्ती आहे असं परिपत्रक काढून स्पष्ट करावं आणि खूण केलेले भाग व कामाचे फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरावेत. तपासणी समितीतल्या कुणाला बघायचं असेल तर जुना खांब आणि सगळे फोटो मी दाखवायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, पुणे