फोटो का नाही पाठवला

शिवाजी पेठ, कोल्हापूर
११ फेब्रुवारी

प्रिय सुन्या,

"घुबडाचा एक फोटो पाठवायला काय जातंय रे तुझं?" असं फोनवर म्हणालास आणि रुसलास. मी हसण्यावारी नेलं, पण कारण आहे.

आपली घार आठवते? नारळावरून पडलेलं ते पिल्लू मी गच्चीवर वाढवलं, हातानं चिकन भरवलं, खांद्यावर घेऊन मिरवलो. नुसत्या मऊ मांसावर तिची हाडं कच्ची राहिली, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तरी ती उडाली. पण रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यांपाशी माणसांच्या अंगावर उतरायला लागली. माणूस दिसला की खायला मिळतं, एवढंच मी तिला शिकवलं होतं. कुणीतरी काठी घातली. ती काठी माझीच होती असं मला अजून वाटतं.

हे गव्हाणी घुबड डिसेंबरात आलं. गल्लीतला जुना वाडा पाडताना माळ्यावरून पडलं, उजवा पंख लोंबत होता. बायका म्हणाल्या, अपशकुनी आहे, लांब नेऊन टाका. (अंबाबाईच्या गावात लक्ष्मीच्या वाहनाची ही किंमत!) एकजण चोचीत पाणी ओतायला निघाला, त्याचा हातच धरला. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट आत जातं. टॉवेल टाकून उचललं, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन लावला.

एक्स-रेत दिसलं, कोपरापुढच्या दोन हाडांपैकी जाड हाड मोडलंय, बारीक शाबूत. नशीबच, कारण ते बारीक हाडच फळीचं काम करतं. पंख अंगाशी बांधला. पण पट्टी फार दिवस ठेवली तर सांधा आखडतो, म्हणून डॉक्टर मधूनमधून सोडून पंख हलवून बघायचे. मी फक्त उंदीर ठेवायचो, अख्खे, केसांहाडांसकट. पडद्याआडून. बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही. वहीत नुसतं 'गव्हाणी, उजवा'. आईनं 'राणी' म्हणायला सुरुवात केली तेव्हा तिच्याशी भांडलो, लेका. पिंजऱ्याजवळ गेलो की ते फिस्कारायचं, आणि मला बरं वाटायचं.

मोठ्या पिंजऱ्यात उडायला लागल्यावर मी डोळे मिटून ऐकत बसायचो. पंखांचा आवाज आला असता तर सोडता आलं नसतं. उंदराला चाहूल लागली की उपासच. काही ऐकू आलं नाही.

वाडा तर गेला. मग पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळघरात तुळईवर लाकडी पेटी बसवली. मालक खूश, उसात उंदरांचा सुळसुळाट आहे. काही दिवस पेटी बंद ठेवली, मग एका संध्याकाळी दार उघडलं आणि मी निघून आलो. उंदीर मात्र रोज ठेवत होतो. पाचव्या दिवशी तो तसाच पडलेला. तुळईखाली एक काळी, चकचकीत ओकलेली गोळी सापडली. फोडली तर आत केस आणि एक इवलीशी कवटी. मी ठेवायचो ते उंदीर पांढरे, हे केस करडे होते.

त्या गोळीचा फोटो आहे. हवा असेल तर पाठवतो.

तुझा,
बाळ्या