रात्रीच्या जहाजात लहान मुलांना वडिलांपासून वेगळे ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: स्टॉकहोम ते हेलसिंकी प्रवासात कबूल केलेली चार बर्थची केबिन न दिल्याबाबत

महोदय,

जूनमधल्या आपल्या स्कँडिनेव्हिया सहलीत आम्ही चौघे होतो: मी, माझे पती, ४ वर्षांची मुलगी आणि ११ महिन्यांचा मुलगा. बुकिंग करताना आम्ही एकच अट घातली होती. रात्रीच्या जहाजावर चौघांना एकच केबिन आणि बाळासाठी पाळणा. आपल्या कार्यालयाने हे ईमेलवर कबूल केले, आम्ही जादा पैसे भरले.

बंदरावर टूर मॅनेजरने केबिनची कार्डे हातात ठेवली तेव्हा कळले की मला आणि दोन्ही मुलांना दुसऱ्या डेकवरची, गाड्या उभ्या करतात त्याच्याही खालची, बिनखिडकीची दोन बर्थची केबिन आहे. पतींची सोय पार वर, सहाव्या डेकवर, गटातल्या एका गृहस्थांबरोबर. मी जाब विचारला तर उत्तर आले, "ताई, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, जरा ॲडजस्ट करा."

ती एक रात्र कशी गेली ते सांगते. वरचा बर्थ शिडीचा, तिथे चार वर्षांच्या मुलीला झोपवता येत नाही. म्हणून खालच्या अरुंद बर्थवर आम्ही तिघे आडवे झालो. पाळण्यासाठी स्वागतकक्षात गेले तर तो आधी नोंदवावा लागतो आणि आमच्या नावावर नोंदच नाही. तिथल्या बाईंनी तरीही कुठून तरी एक मिळवला, पण तो त्या केबिनमध्ये मावला नाही. त्या अनोळखी बाईंनी जेवढी धडपड केली तेवढी आपल्या माणसाने केली नाही, हे मला फार लागले. मध्यरात्रीनंतर मुलीला उलट्या सुरू झाल्या. खाली फोनला रेंज नाही. बाळाला कडेवर घेऊन, मुलीचा हात धरून मी चार डेक वर गेले आणि पतींचे दार वाजवले.

त्याच दुपारी आपण आम्हाला स्टॉकहोममधले, जुन्या युद्धनौकेचे वासा संग्रहालय दाखवले होते. त्याला लागूनच एस्टोनिया जहाजाचे स्मारक आहे, दगडावर नावे कोरलेली. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री टॅलिनहून स्टॉकहोमला येताना ते जहाज याच समुद्रात बुडाले आणि ८५२ माणसे गेली. गाइडने हे सांगितले तेव्हा मुलगी माझ्या कडेवर होती. आजची जहाजे सुरक्षित आहेत हे मी मानते, जहाजाविषयी माझी तक्रार नाही. पण केबिनच्या दारामागचा आपत्कालीन नकाशा वाचताना मनात एकच आले: भोंगा वाजला तर दोन मुलांना लाइफ जॅकेट घालायला माझे दोनच हात आहेत आणि त्यांचे वडील चार मजले वर आहेत. मुलांची वये आपल्याला माहीत नव्हती असेही नाही, प्रवासी यादीसाठी ती आपणच आमच्याकडून लिहून घेतली होती.

जेवण ठीक होते. संध्याकाळी स्टॉकहोमच्या बेटांमधून जहाज जाते तो देखावा तर सुंदरच. दहा वाजून गेले तरी आकाशात उजेड होता. तो चौघांनी मिळून पाहावा म्हणूनच आम्ही विमान सोडून जहाजाची सहल निवडली होती. मी त्यातला बराचसा वेळ स्वागतकक्षापुढे उभी होते.

केबिन बदलल्याचे आपल्याला कधी समजले आणि आम्हाला का कळवले नाही, याचा लेखी खुलासा हवा. भरलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या केबिनच्या दरातला फरक परत हवा, आणि लेखी माफी हवी. शिवाय लहान मुले असलेल्या कुटुंबाची ताटातूट करून त्यातल्या कुणालाही परक्याबरोबर केबिन देणार नाही, हे आपल्या बुकिंगच्या अटींत लिहा. माझ्या दृष्टीने ही मागणी पैशांहून मोठी आहे, कारण पुढच्या गटातही कुणाचे तरी तान्हे बाळ असेल.

ईमेलची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि दोन्ही केबिनच्या कार्डांचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ही सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
सहलीतील एक प्रवासी (बुकिंग पतींच्या नावे)
कोथरूड, पुणे