जेट्टीवरच्या त्या ताई आणि दादांना

गेल्या मंगळवारी सकाळी बोरिवलीच्या जेट्टीवर होडीतून उतरताना माझी आई शेवाळावरून घसरली. ओहोटी होती, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. पाय मुरगळला आणि पाटी उलटून समुद्रमेथी, लाल माठ, मुळा सगळं चिखलात.

खाडीपलीकडे गोराईत आमची लहानशी वाडी आहे. समुद्रमेथी रेताड वाफ्यात लावायची, कोवळी असतानाच मुळांसकट उपटायची, इवल्या जुड्या बांधायच्या. पहाटे आम्ही तिघं हेच करत बसतो, आई काहीतरी गुणगुणत असते. दिवसातली तीच वेळ मला सगळ्यात आवडते. त्या जुड्या चिखलात बघून आईला पायापेक्षा त्यांचंच रडू आलं.

होडीवरच्या दादांनी तिला धरून वर आणलं, रिक्षा थांबवली. कामावर निघालेल्या एक ताई मात्र पायरीवरच बसल्या. स्वतःच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी जपून ओतत त्यांनी मेथीची एकेक जुडी धुवायला घेतली. "तू आईला डॉक्टरकडे ने, मी बसते इथे," म्हणाल्या.

दोन तासांनी परतले, तर पाटी जवळजवळ रिकामी. उरलेल्या मेथीवर ओला रुमाल, आणि पैसे कागदाच्या पुडीत. पुडीवर पेनाने हिशेब: माठाचे किती, मुळ्याचे किती. मी नाव विचारायच्या आत त्या गेल्याही.

आई आता हळूहळू वाफ्यापर्यंत जाते. ताई, दादा, तुमचे मनापासून आभार. ताई, तुमचा रुमाल धुऊन ठेवलाय. मेथीचा एक वाफा आईने तुमच्यासाठी राखलाय, जेट्टीवर दिसलो तर हाक मारा.