'गोड' म्हणजे चाबूक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील भाषाविषयक टिपणात 'गोड' या इंग्रजी शब्दाचा (goad; उच्चार आपल्या 'गोड'च्या जवळचा, गुण मात्र नेमका उलटा) अर्थ 'चाबूक' असा दिला आहे. तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र. चाबूक फटका मारतो, 'गोड' टोचते, आणि त्यासाठी मराठीत 'पराणी' हा नेमका शब्द आहे. आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात वडिलांची पराणी उभी असे : बांबूची सरळ काठी आणि टोकाला जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर आलेली लोखंडी आर. बैल रेंगाळला की ती पुठ्ठ्याला नुसती टेकवली तरी पुरे होई.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप 'गाद' असे होते आणि भाल्याचे टोक व गुरे हाकण्याची अणकुचीदार काठी हे दोन्ही अर्थ त्यात होते. लाँबार्ड या प्राचीन जर्मानिक लोकांच्या भाषेतला 'गाइदा' म्हणजे भाला हा त्याचा सख्खा नातलग, तर अस्त्र या अर्थाचा संस्कृत 'हेति' हा दूरचा नातलग असावा, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. 'डिवचणे' हा क्रियापदाचा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. त्यामागे बायबलचा हात असावा, कारण सुज्ञांची वचने पराण्यांसारखी असतात, असे उपदेशकाच्या ग्रंथात म्हटले आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याला ऐकू आलेल्या 'पराणीवर लाथ मारणे तुला कठीण' या वाणीतही हेच अवजार आहे. 1611च्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'प्रिक्स' म्हणजे टोचे होते, 1881च्या सुधारित आवृत्तीत 'गोड' आले आणि मराठी बायबलात तर सरळ 'पराणी'च आहे. पराणीवर लाथ झाडणारा बैल आर स्वतःच्याच पायात रुतवून घेतो, हे त्या वाक्याचे मर्म. तेथे चाबूक घातला तर वाक्यच निरर्थक होते.

त्याच टिपणात गोमाशीला इंग्रजीत 'गॅडफ्लाय' म्हणतात ते 'गोड'वरून, असेही लिहिले आहे. त्यातला 'गॅड' हा खिळा या अर्थाच्या जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या) शब्दावरून आलेला असून त्याचे कूळ वेगळे आहे. दोघे टोचतात खरे, पण तेवढ्यावरून नाते जोडता येत नाही. या दोन्ही चुकांची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
इंग्रजीचा एक निवृत्त शिक्षक