विन्याला, नाताळच्या तोंडावर

नगर, मंगळवार रात्र

प्रिय विन्या,
सलाम.

रागावला असशील तर रागाव. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे लिहितोय. मी बरा आहे, गोळी चालू आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला माझी न केलेली दाढीसुद्धा दिसते.

यंदाही संडे स्कूलच्या नाताळ पार्टीचे खेळ माझ्याच गळ्यात. चार वर्षांच्या पिल्लांपासून मिसरूड फुटलेल्या दहावीवाल्यांपर्यंत साठेक पोरं आणि हॉल तोच, आपलाच. मीटिंगमध्ये पहिली चर्चा कसली? बक्षिसांची. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. कापडबाजारातून स्टीलचे डबे येऊनसुद्धा पडले, खेळ अजून ठरायचेत! मी म्हटलं, बाद व्हायचे खेळ जरा कमी करू. संगीत खुर्चीत सगळ्यात आधी बाद होतं ते सगळ्यात लहान पोर, आणि मग तेच सगळ्यात जास्त वेळ भिंतीला टेकून बसतं. दहा मिनिटांनी ते करंज्यांच्या डब्याशी सापडतं. म्हणून यंदा खुर्च्या काढायच्या, पोरं नाही काढायची. शेवटच्या चार खुर्च्यांवर सगळ्यांनी मांडीवर, हातावर, कसंही करून मावायचं. मार्थाकाकूंनी चष्मा वर करून विचारलं, "मग डबा कोणाला द्यायचा?" आता याला काय बोलणार?

शेवटी तह झाला. लहानांची खुर्ची माझ्या पद्धतीनं, मोठ्यांची जुन्या पद्धतीनं, डब्यासकट.

बाकीचं जमलंय. तळ्यात-मळ्यातचं 'बेथलेहेम-नासरेथ' केलंय, नासरेथला पिल्लांची जीभ वळत नाही आणि तीच मजा. पार्सलच्या खेळात वर्तमानपत्राची वेष्टणं, प्रत्येकात एक चिठ्ठी. एकीत लिहिलंय, 'पाळकसाहेबांसारखं घोषणा देऊन दाखव.' पाळकसाहेबांना अजून सांगितलेलं नाही. मोठ्यांच्या प्रश्नमंजुषेत तुझा लाडका प्रश्न घातलाय, मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, किती होते? सगळे तीन म्हणून ओरडतील. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २ ऱ्या अध्यायात आकडाच नाही. सोनं, ऊद, गंधरस अशा भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली. शिवाय ते गव्हाणीपाशी नाही, घरात आले. तू नववीत हे भर वर्गात सांगून बाईंशी भांडला होतास आणि त्याच वर्षी नाटकात गव्हाणीपाशी आईची चादर गुंडाळून मागी म्हणून उभा होतास. हे मी विसरेन असं समजू नकोस.

आता मुद्द्याचं. बाळूचा जोएल येतो संडे स्कूलला. येतो म्हणजे शोभा आणून सोडते, आणि तो दारापाशी उभा राहतो. बाळूशिवायचा पहिला नाताळ आहे, तेव्हा खेळायचा आग्रह मी कधी केला नाही. पण आपल्याकडचे लोक तुला माहीत आहेत. कोणी डोक्यावरून हात फिरवतं, कोणी 'बिचारा' म्हणतं, तेही त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात. त्या 'बिचारा'मुळे पोर दाराबाहेर सरकतं.

परवा रविवारी खुर्च्यांची तालीम घेतली. गाणं स्पीकरवर, फोन माझ्या हातात. दोनतीनदा थांबवलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काका, तुम्ही बघून बंद करताय. पप्पा पाठ करून बंद करायचे."

विन्या, मला आधी हसू आलं आणि मग काही सुचेना. पाठ करून! पाठ करून म्हणजे कुणाकडे तोंड करून, ते तुला आणि मलाच ठाऊक. रेव्हरंड टिळकांच्या तसबिरीकडे. तिच्या काचेत अख्खा हॉल दिसतो. बाळू त्या काचेत बघून बरोबर ठरवायचा, कोण बसेल आणि कोण उभा राहील. म्हणून तर त्या वर्षी शेवटच्या खुर्चीवर पिंकी बसली आणि तू, सहा फुटी गडी, उभा राहिलास. 'सेटिंग आहे!' म्हणून तू न जेवता गेलास आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या वॉचनाइट उपासनेपर्यंत आमच्याशी बोलला नाहीस. सेटिंग होतीच. पण बाळूनं ती दरवेळी लहानांच्या बाजूनं केली, हे तुला तेव्हाही कळलं होतं. तू फक्त ताटासाठी परत यायला लाजलास.

तर मला वाटतं, गाण्याचं बटण जोएलच्या हातात द्यावं. खेळायला नको, मध्यभागी उभं करायला नको, त्याला फक्त काम द्यावं. कामावर असलेल्या माणसाला कोणी बिचारा म्हणत नाही. शोभाला विचारलं, ती म्हणाली, त्यालाच विचारा. अडलंय ते पुढंच. काचेचं सांगू का त्याला? बाप एकदम सरळ खेळायचा, असं तो धरून बसलाय. ते मोडायला हात होत नाही. आणि न सांगावं तर पोर खरंच पाठ करून अंदाजानं बटण दाबणार, पहिल्याच फेरीत एखादं चिमुरडं बाद होऊन रडणार, आणि मग याला वाटणार, पप्पांना जमायचं, मला जमत नाही. ही दुसरी शक्यता मला जास्त छळते. एकदा वाटतं, नुसतं त्या तसबिरीसमोर उभं करावं. बापाचा पोरगा आहे, त्याचं त्याला दिसेल. मग वाटतं, दहा वर्षांचा आहे, अजून काचेपर्यंत उंची पोचत नाही. स्टूल ठेवलं तर मार्थाकाकू विचारणार, स्टूल कशाला. तू सांग. मार तू खाल्लायस, तेव्हा तुझ्या मताला वजन आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? रिबेकाला आर्किटेक्चरला मिळालं हे स्टेटसवर कळलं, फार छान. वहिनींना सलाम सांग, त्यांच्या गुडघ्याचं लिही.

शुक्रवारपर्यंत कळव. शनिवारी तालीम आहे.

तुझा,
अरुण

ता. क. हॉलची शिट्टी तू नेलीस ती तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, तुझ्या धाकट्यानं ती फोनवर मला वाजवून दाखवलीय. कुरियर कर.