तुझ्या व्हिडिओचं उत्तर

कोल्हापूर, ९ डिसेंबर

प्रिय दिन्या,

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्राशयाचा व्हिडिओ पाहिला. 'चिऊसाठी हे का नाही केलंत?' एवढं विचारताना तू तीनदा 'रागावू नकोस' लिहिलंस! अरे, ऑपरेशनआधी मीही डॉक्टरांपुढे हेच घेऊन बसलो होतो.

लेकीचं मूत्राशय लहान आणि ताठर, स्पायना बायफिडामुळे, म्हणजे जन्मतःच मणका नीट न मिटल्यामुळे. आतला दाब किडन्यांवर जायला लागला होता. म्हणून तिच्याच लहान आतड्याचा वीसेक सेंटिमीटर तुकडा उभा उसवून वर ठिगळासारखा शिवला. युक्ती शंभर वर्षांहून जुनी.

पण आतड्याला कोण सांगणार की बाबा, तुझी बदली झाली? ते आपला बुळबुळीत स्राव सोडतच राहतं. रोज रात्री मी तिच्या लघवी काढायच्या नळीतून सलाईन सोडतो आणि सिरिंजने परत ओढतो. भेंडी चिरताना सुटते ना, तशी पांढरट तार येते. ती आत साठली की खडे होतात. शिवाय लघवीतलं आम्ल आतडं शोषून घेतं, म्हणून सोड्याच्या गोळ्या.

व्हिडिओ खोटा नाही. बोस्टनमध्ये डॉक्टर अँथनी अटालांनी मुलांच्याच मूत्राशयाच्या पेशी वाढवून साच्यावर पेरल्या, सातेक आठवड्यांनी तो बसवला. अशा ७ जणांची हकीकत २००६ साली छापून आली. नळी मात्र त्यांचीही सुटली नाही. पुढच्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला: दाब म्हणावा तसा उतरला नाही, काहींचं आतडं अडकलं, कुणाचं मूत्राशय फुटलं. डुकराच्या आतड्याच्या, पेशी धुऊन काढलेल्या अस्तराचंही ठिगळ लावून पाहिलंय. (हे ऐकून आई उठूनच गेली.)

अडतं ते रक्तावर. बाहेरून आणलेल्या ठिगळात रक्तवाहिन्या शिरेपर्यंत ते आक्रसतं, स्नायू नीट धरत नाही. आतडं आपल्या रक्तवाहिन्यांसकट येतं. रोप मातीच्या गोळ्यासकट हलवावं तसं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी सही केली.

परवा चिऊने शाळेत पहिल्यांदा एकटीने नळी घातली. मापाचा मग दप्तरात असतोच. घरात शिरता शिरता ओरडली, "बाबा, साडेतीनशे!" पूर्वी ऐंशी मिलीलाच गळायला लागायचं. आईने विचारलं, "कितीपैकी?"

वहिनींना नमस्कार. असले व्हिडिओ पाठवत जा.

तुझा,
बंड्या